साडेसहानंतरचा डॉक्टर

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरचा, म्हणजे जीपीचा, दवाखाना संध्याकाळी साडेसहाला बंद होतो. आपल्याकडे त्या वेळी कंपाउंडर नुकता केसपेपर लावायला बसलेला असतो, बाहेरच्या बाकावर चार-सहा माणसं नंबर लावून बसलेली असतात आणि डॉक्टरांची स्कूटर अजून यायची असते. नोकरीवरून परतलेले, तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून आलेल्या आया, बीपीची गोळी संपलेले पेन्शनर, सगळ्यांची हीच वेळ. इंग्लंडमध्ये मात्र सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा, हेच जीपीचे करारानं ठरलेले तास. आठवड्याच्या १६८ तासांपैकी साडेबावन्न. उरलेल्या ११५ हून अधिक तासांत कुणी आजारी पडलं, तर त्याला भेटणारा डॉक्टर बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. तो डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं काम केलं.

मी मिरजेला एमबीबीएस केलं, परदेशी डॉक्टरांसाठीची प्लॅब परीक्षा देऊन इंग्लंडात आलो आणि तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर जीपी झालो. मिडलंड्समधल्या जुन्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात दिवसा माझा नेहमीचा दवाखाना असे आणि संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी मी ‘आउट ऑफ अवर्स’च्या शिफ्ट करत असे. सुरुवातीला पैशांसाठी, पुढे सवयीनं आणि नंतर खरंच गोडी लागली म्हणून. दिवसाच्या कामात न दिसणारं बरंच काही या कामात दिसतं. मुख्य म्हणजे, आपण रुग्णाला ओळखत नसलो तर आपल्या डॉक्टरकीतलं नेमकं काय शिल्लक राहतं, ते कळतं.

१९४८ साली इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली तेव्हापासून जीपी आपल्या यादीतल्या रुग्णांना चोवीस तास बांधलेला होता. रात्री फोन वाजला की डॉक्टरची बायको उचलायची आणि डॉक्टर बॅग घेऊन निघायचा. मग काही डॉक्टरांनी आपसात पाळ्या लावल्या, काहींनी रात्रीपुरते डॉक्टर पुरवणाऱ्या कंपन्यांना पैसे दिले आणि १९९० च्या दशकात गावोगावच्या डॉक्टरांनी सहकारी संस्था काढून रात्री वाटून घेतल्या. २००४ च्या नव्या करारानं हे सगळं बदललं. वर्षाला सुमारे ६,००० पौंड सोडले की रात्रीची आणि शनिवार-रविवारची जबाबदारी डोक्यावरून उतरत होती. बहुसंख्य डॉक्टरांनी ते पैसे खुशीनं सोडले. त्यांना आळशी ठरवणारे लेख वर्तमानपत्रांत अजूनही अधूनमधून येतात. मला तसं वाटत नाही. दिवसभर रुग्ण तपासून रात्री दोन वेळा उठलेल्या डॉक्टरच्या हातून दुसऱ्या दिवशी सकाळी औषध लिहून घ्यायला मी तरी तयार होणार नाही. पण जबाबदारी उतरली म्हणजे ती नाहीशी झाली नाही. ती स्थानिक आरोग्य यंत्रणेकडे गेली, यंत्रणेनं ती ठेक्यानं कुठे सहकारी संस्थेला, तर कुठे खासगी कंपनीला दिली आणि शेवटी ती माझ्यासारख्या ताशी मोबदल्यावर येणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचली.

शिफ्टची जागा म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या इस्पितळाच्या ओपीडीतल्या तीन-चार खोल्या. दिवसा तिथं दुसरेच कुणी बसतात. भिंतीवर त्यांचे फोटो, ड्रॉवरमध्ये त्यांचे चमचे, खुर्चीची उंची त्यांच्या मापाची. समोर संगणक. त्यावर नावांची रांग, प्रत्येकापुढे वय, एका ओळीत तक्रार आणि एक घड्याळ. वेळ संपत आली की ती ओळ रंग बदलते. रुग्ण थेट आपल्यापर्यंत येत नाही. तो आधी १११ या नंबरला फोन करतो. तिथं बोलणारी व्यक्ती डॉक्टर किंवा नर्स असेलच असं नाही. ती संगणकावर एकामागून एक येणारे प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून संगणकच ठरवतो की ॲम्ब्युलन्स पाठवायची, इमर्जन्सीत जायला सांगायचं, आमच्याकडे पाठवायचं की औषधाच्या दुकानात विचारा म्हणायचं. हे प्रश्न सर्वांत भयंकर शक्यतेपासून सुरू होतात. त्यामुळे खोकल्यासाठी फोन करणाऱ्याला आधी श्वास चालू आहे का, रक्त वाहतंय का, असं विचारलं जातं आणि माणूस वैतागतो. वैताग खरा आहे. पण अनोळखी माणसाचं दुखणं अनोळखी माणसानं फोनवर ऐकायचं असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

आमच्याही कामाचा मोठा भाग फोनवरच चालायचा. पहिल्या दिवसांत मला हे उंटावरून शेळ्या हाकणं वाटे. पोटाला हात न लावता पोटदुखीचं काय सांगणार? हळूहळू कान तयार झाले. दमा असलेल्या माणसाला एक लांब वाक्य बोलायला लावायचं आणि मध्ये तो कितीदा थांबतो ते ऐकायचं. म्हाताऱ्या माणसाच्या मुलीशी बोलून झालं, तरी फोन त्यांच्याच हातात द्यायला सांगायचं. ते स्वतः उठून फोनपर्यंत आले की फोन त्यांच्याकडे न्यावा लागला, यातून बरंच कळतं. लहान मुलाबद्दल मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न होता, ‘आत्ता, या क्षणी तो काय करतोय?’ ‘बिस्कीट खातोय’ आणि ‘नुसता पडून आहे’ या दोन उत्तरांत एका ॲम्ब्युलन्सचा फरक आहे.

आता प्रश्न येतो दर्जाचा. ही सेवा चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून? सरकारनं २००५ पासून त्यासाठी निकष लावले होते. तातडीच्या फोनवर डॉक्टर किंवा नर्सनं २० मिनिटांत बोलायला सुरुवात करायची, बाकीच्यांशी ६० मिनिटांत. प्रत्यक्ष तपासणी अत्यंत निकडीची असेल तर एका तासात, तातडीची दोन तासांत, साधी सहा तासांत. पुढे त्या निकषांची जागा नव्या निकषांनी घेतली, पण मिनिटं मोजण्याची खोड गेली नाही. मी ज्या एका संस्थेत काम करायचो, तिथं दर महिन्याला बैठक व्हायची आणि पडद्यावर तक्ते दाखवले जायचे. तक्ता हिरवा असला की व्यवस्थापक खूश. मिनिटं मोजणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. छातीत दुखणाऱ्याला तासभर ताटकळत ठेवणाऱ्या सेवेला चांगलं म्हणता येत नाही. पण तक्ता हिरवा असताना माणूस मरू शकतो, हे इंग्लंडला त्याच वर्षी फार वाईट रीतीनं कळलं होतं.

२००५ च्या ईस्टरची गोष्ट. ईस्टरला शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस दवाखाने बंद असतात. लंडनमधल्या ४१ वर्षांच्या एका पत्रकार बाईंना एका लहानशा उपचारानंतर ताप आणि वेदना सुरू झाल्या. चार दिवसांत त्या रात्रीच्या सेवेतल्या आठ डॉक्टरांशी बोलल्या, काहींना प्रत्यक्ष भेटल्या. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. त्या वाचल्या नाहीत. आधीच्या डॉक्टरानं काय ऐकलं, काय पाहिलं, हे पुढच्याला सहज दिसेल अशी सोय तिथं नव्हती, हे नंतर पुढे आलं. प्रत्येक डॉक्टरसमोर एक नवा रुग्ण होता आणि प्रत्येकानं नव्यानं सुरुवात केली. आठ तुकडे जोडून पाहिले असते तर चित्र स्पष्ट होतं. जोडायला कुणी नव्हतं.

आमच्या प्रशिक्षणात या घटनेची चर्चा व्हायची आणि मी तिच्यातून एक गोष्ट कायमची उचलली. एकाच दुखण्यासाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फोन करणारा माणूस कटकट्या नसतो. रांगेत सर्वांत जास्त जपण्यासारखा तोच असतो. नाव ओळखीचं दिसलं की कपाळाला आठी पडायच्या ऐवजी कान टवकारले पाहिजेत. यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे आधीच्याची नोंद, आणि दुसरी म्हणजे ती वाचण्याजोगी नोंद.

‘व्हायरल ताप, पॅरासिटामॉल’ ही नोंद नव्हे. ती लिहिणाऱ्याला सुचलेला शेवट आहे. पुढच्या डॉक्टरला हवी असते ती सुरुवात आणि मधला भाग. मूल कसं दिसत होतं, मिनिटाला श्वास किती, नाडी किती, लघवी कधी झाली. मला काय वाटलं, कशाची भीती वाटली आणि ती का बाजूला ठेवली. आईबापांना काय सांगितलं आणि कशावर परत फोन करायला सांगितलं. सहा-सात ओळी. बाहेर पाच जण थांबलेले असताना आणि स्क्रीनवर ओळी रंग बदलत असताना या सहा-सात ओळी लिहिणं जीवावर येतं. पण सकाळी आठपर्यंत ही नोंद त्या माणसाच्या नेहमीच्या जीपीच्या टेबलावर पोचली पाहिजे, असा नियम होता आणि सगळ्या निकषांत मला हाच सर्वांत शहाणपणाचा वाटे.

एका थंडीतल्या रविवारी दुपारी पुण्याहून कंपनीच्या बदलीवर आलेलं एक तरुण जोडपं दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझं आडनाव वाचून वडलांचा चेहरा खुलला.

“डॉक्टर, तुम्ही मराठी! बरं झालं बुवा. हिला कालपासून एकशे तीन ताप आहे. आम्हाला वाटलं इथं कुणी अँटिबायोटिक देणारच नाही.”

मी मुलीचे सगळे कपडे काढायला लावले. आईला ते आवडलं नाही, बाहेर बर्फ होता. पण अंगावरचं पुरळ, फासळ्यांखाली ओढला जाणारा श्वास, हे स्वेटरवरून दिसत नाही. छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडलं. रंग लगेच परत आला. मिनिटभर घड्याळ धरून श्वास मोजले, ३४. कान, घसा, मान पाहिली. पोटावर बारीक लालसर पुरळ होतं. त्यावर काचेचा पेला टेकवून दाबला आणि दोघांना वाकून बघायला सांगितलं. काचेखाली पुरळ फिकं पडलं.

“हे असं गेलं तर चांगलं. काचेखालीही तसंच राहिलं तर एक मिनिट थांबायचं नाही, ॲम्ब्युलन्ससाठी सरळ ९९९ ला फोन. आणि आपल्या सावळ्या कातडीवर हे पटकन दिसत नाही. तेव्हा तळहात, तळपाय, तोंडातली टाळू बघायची, तिथं कळतं.”

“पण औषध?” वडील म्हणाले. “आमचे तिकडचे डॉक्टर पहिल्याच दिवशी चालू करायचे. एक इंजेक्शन देऊन टाकता का?”

“आज हिला त्याचा उपयोग नाही. पण मी सांगतो ते नीट लिहून घ्या.”

आईनं मोबाइल काढला आणि मी सांगत गेलो तसं मराठीत टाइप करत गेली. बारा तास डायपर कोरडा. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा. उठवलं तरी डोळे न उघडणं. काचेखाली न जाणारं पुरळ. ताप पाच दिवसांवर गेला तर. यातलं एक जरी दिसलं तरी फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही आणि फोनवर सांगायचं की दुपारी एकदा दाखवून गेलोय. वडील उठताना खूश नव्हते. मुलीला तिकडे एव्हाना तीन बाटल्या मिळाल्या असत्या.

मध्यरात्री त्या आईनं फोन केला. श्वास घेताना खड्डा पडतोय, म्हणाली, आणि दुपारी आलो होतो हेही सांगितलं. रात्रपाळीच्या माझ्या सहकाऱ्यानं नोंद वाचली आणि त्यांना लगेच बोलावलं. त्यानं श्वास मोजले, ५६. नुसते ५६ म्हणजे काळजीचे. पण दुपारचे ३४ आणि रात्रीचे ५६ हे शेजारी शेजारी लिहिलेले असले, की चर्चा संपते. मुलीला न्यूमोनिया होत होता. ऑक्सिजन लागला, शिरेतून औषध लागलं आणि काही दिवसांत ती घरी गेली. दुपारी जे नव्हतं ते रात्री आलं. आजार असाच असतो, तो डॉक्टरच्या वेळापत्रकानं चालत नाही. दुपारीच हे कळायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण दुपारी त्या फुप्फुसात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

इथल्या जीपींच्या भाषेत याला ‘सेफ्टी नेट’ म्हणतात. रॉजर नेबर या इंग्लिश जीपीनं १९८७ साली डॉक्टर-रुग्ण संवादावर लिहिलेल्या पुस्तकातून ही कल्पना इथल्या प्रशिक्षणात रुजली. आपला अंदाज चुकू शकतो हे आधीच धरून चालायचं आणि तो चुकला तर रुग्णाला ते कसं कळेल, त्यानं काय करायचं, हे तपासणीच्या खोलीतच ठरवून द्यायचं. ओळखीच्या डॉक्टरला हे थोडं कमी करून चालतं, कारण परवा तोच रुग्ण पुन्हा त्याच्याकडे येणार असतो. साडेसहानंतरच्या डॉक्टरला तसं करून चालत नाही. रुग्ण पुन्हा त्याच्यासमोर येण्याची शक्यता नसल्यात जमा.

घरी जाऊन बघायच्या रुग्णांसाठी गाडी आणि ड्रायव्हर मिळायचा. हे ड्रायव्हर म्हणजे या सेवेचा कणा. रात्री दोनला कोणत्या गल्लीत घरांचे नंबर उलटे लागतात, हे त्यांना पाठ. बहुतेक वेळा जायचं ते मरणाच्या दारातल्या माणसाकडे. असाच एक शनिवार आठवतो. निवृत्त खाणकामगार, फुप्फुसाचा कॅन्सर. आयुष्यभर सगळी दुखणी अंगावर काढलेला माणूस. घरात शिरलो तेव्हा बायकोनं न विचारताच कपाटावरची एक पेटी पुढे केली. तिच्यात वेदनेसाठी मॉर्फिन, तगमगीसाठी मिडॅझोलाम, उलटीसाठी आणि घशात घरघरणाऱ्या कफासाठी इंजेक्शनं आणि प्रत्येकाची मात्रा लिहिलेला सहीशिक्क्याचा कागद. त्यांच्या जीपीनं गुरुवारी येऊन हे सगळं लावून दिलं होतं. माझ्या स्क्रीनवरही त्या जीपीची टिपणी होती. यांना घरीच राहायचं आहे, इस्पितळात हलवू नये, हृदय थांबलं तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न नको, मुलगी दूर राहते, तिला कळवावं. मी दोन इंजेक्शनं दिली, श्वास संथ होईपर्यंत बसलो, बायकोनं केलेला दुधाळ चहा घेतला आणि निघालो. पहाटे ते स्वतःच्या पलंगावर गेले.

याच आजाराचा दुसरा एक माणूस, दुसरं घर, दुसरा शनिवार. तिथं पेटी नव्हती, कागद नव्हता, टिपणी नव्हती. घाबरलेल्या मुलानं ९९९ ला फोन केला. ॲम्ब्युलन्सवाल्यांपुढे एक गुदमरणारा माणूस होता आणि हातात काहीच कागद नव्हता. त्यांनी करायचं तेच केलं, इस्पितळात नेलं. तो माणूस कॉरिडॉरमधल्या ट्रॉलीवर गेला. दोन्ही वेळा रात्रीची सेवा तीच होती, ठरलेल्या मिनिटांत पोचली होती. शनिवारच्या रात्रीची प्रत गुरुवारी दुपारीच ठरून गेली होती.

म्हणूनच रात्रीचा डॉक्टर सुधारायचा असेल तर दिवसाचा आधी सांभाळा, असं मला वाटतं. याला आता भक्कम आधारही आहे. नॉर्वेमध्ये सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवर झालेला एक अभ्यास काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला. एकाच फॅमिली डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ असलेल्या लोकांना, डॉक्टरकडे येऊन एकच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, रात्री-सुटीच्या सेवेची आणि तातडीनं इस्पितळात दाखल होण्याची गरज सुमारे ३० टक्क्यांनी कमी लागली होती. मृत्यूची शक्यताही सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. त्यात गूढ असं काही नाही. ओळखीचा डॉक्टर नेहमीचं दुखणं आणि वेगळं दुखणं यांतला फरक आवाजावरून ओळखतो.

अनोळखी डॉक्टरचा धोका दुसऱ्या टोकालाही आहे. २००८ साली जर्मनीहून शनिवार-रविवारच्या कामासाठी विमानानं आलेल्या एका डॉक्टरानं केंब्रिजशायरमध्ये एका रुग्णाला वेदनाशामक म्हणून योग्य मात्रेच्या दहापट, १०० मिलिग्रॅम डायमॉर्फिन दिलं आणि तो रुग्ण दगावला. इथं त्यानं पहिल्यांदाच शिफ्ट केली होती आणि त्याच्या देशात हे औषध सहसा वापरलं जात नव्हतं. त्यानंतर बराच काळ आम्हा परदेशी डॉक्टरांकडे लोक जरा निरखून बघायचे. मला त्याचा राग आला नाही. युरोपातल्या डॉक्टरांना तेव्हा आमच्यासारखी प्लॅब नव्हती, भाषेची परीक्षाही नव्हती. त्यांची भाषा तपासण्याचा अधिकार इथल्या वैद्यकीय परिषदेला २०१४ मध्ये मिळाला. रिकामी शिफ्ट भरली म्हणजे सेवा झाली, हा हिशेब किती महागात पडतो, ते त्या एका कुपीनं दाखवून दिलं.

नोंदींची किंमत आम्हाला पुन्हा एकदा कळली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. आम्ही वापरत असलेली संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि एका रात्रीत सगळे कागद-पेनवर आले. रुग्ण तेवढेच, डॉक्टर तेच, हुशारीही तीच. पण काल कोण काय म्हणालं हे दिसेनासं झालं आणि ज्याला काल घरी पाठवता आलं असतं, त्याला आज इस्पितळात धाडावं लागू लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून इथल्या दवाखान्यांनी गटागटानं संध्याकाळी आठपर्यंत आणि शनिवारी नऊ ते पाच भेटीच्या वेळा द्यायला सुरुवात केली. सोय चांगली झाली. फक्त भेटणारा डॉक्टर आपलाच असेल याची खात्री तिथंही नाही.

आता आपल्याकडचं. तिकडून नातेवाइकांचे फोन येतात ते बहुधा रविवारीच. परवा आत्याचा आला.

“अरे, यांना दोन दिवस ताप आहे. आपले डॉक्टर गावाला गेलेत. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये दाखवलं, त्यांनी सलाईन लावलं.”

“कशासाठी लावलं? काही सांगितलं का?”

“अशक्तपणासाठी म्हणाले.”

“गोळ्या कुठल्या दिल्यात?”

“एक पांढरी आहे नि एक पिवळी. थांब, फोटो पाठवते.”

फोटो आला. पाकीट कापलेलं, नाव अर्धं. काकांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे त्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरला कुणी सांगितलं होतं का, असं विचारलं तर आत्या म्हणाली, “त्यांनी विचारलंच नाही.” आमच्या लहानपणीच्या डॉक्टरांना हे विचारावं लागलं नसतं. तीन पिढ्यांची दुखणी त्यांच्या डोक्यात होती, त्यांना हातगुण आहे असं गाव म्हणायचं आणि त्या हातगुणाचा मोठा हिस्सा म्हणजे ती आठवण. पण आठवण कागदावर नव्हती. ते निवृत्त झाले, तिच्यासकट गेले. जागेवर पॉलिक्लिनिक आलं.

संध्याकाळी डॉक्टर मिळणं ही महाराष्ट्राची मोठी जमेची बाजू आहे आणि इंग्लंडच्या माणसाला तिचा हेवा वाटावा. सरकारी पातळीवरही हे उमगलेलं दिसतं. मुंबई महापालिकेनं २०२२ मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू केला तेव्हा वेळ रात्री दहापर्यंत ठेवली, कारण हातावर पोट असलेला माणूस दुपारी येऊ शकत नाही. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून धावते आहे. दारं उघडी आहेत. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना बरोबर न्यायचा कागद मात्र अजून बहुतेकांच्या हातात नाही.

तो कागद येण्यासाठी सरकारची वाट बघत बसायचं कारण नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एक साधी शंभर पानी वही करा. पहिल्या पानावर चालू गोळ्यांची पूर्ण नावं आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे, कोणती ऑपरेशनं झालीत. दवाखान्यातून उठताना डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, “कशावर लक्ष ठेवू आणि काय दिसलं तर लगेच परत येऊ?” उत्तर तिथंच लिहून घ्या. त्याच दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर पहिल्याचं सांगा. तो रागावेल म्हणून लपवू नका, कारण न सांगितल्यानं होणारं नुकसान रागापेक्षा मोठं असतं. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर त्यांना शेवट कुठे हवा आहे, हे ते सांगू शकतात तोवर विचारून ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या. आणि माझ्या तिकडच्या डॉक्टरमित्रांना विनंती, प्रिस्क्रिप्शनवर औषधाखाली तीन ओळी वाढवा. काय वाटलं, काय मोजलं, कधी परत यायचं.

रविवारी भेटणाऱ्या डॉक्टरला तुमच्याबद्दल काहीही ठाऊक नसतं. ते त्याला कळण्याची व्यवस्था शनिवारच्या आत करून ठेवा.